बरोबरीच्यावर हात राखायचा नाही

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या कचेरीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. भोरला मी अव्वल कारकून आहे. लोक कागद घेऊन टेबलापाशी येतात, आधी माझा चेहरा बघतात आणि मग तोंड उघडतात. या रागाचं मला कधी फारसं वाईट वाटलं नाही. एकदाच वाटलं, आणि ते अजून संपत नाही.

लाठी मी पंधराव्या वर्षी शिकलो, भोरच्या तालमीत. माझा जोडीदार पालीचा, राजगडाच्या पायथ्याच्या शेतकरी घरातला. शाळेसाठी तो भोरला मामाकडे राहायचा. माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा, आणि हे तो आजही विसरू देत नाही. वस्तादांनी आमची जोडी लावली ती निव्वळ उंची बघून, पण जमली. तो मारायचा, मी झेलायचो, मग मी मारायचो. पुढच्याचा वार कुठून येणार हे आम्हाला एकमेकांच्या मनगटावरून कळायचं.

जोडीच्या खेळात एक रीत असते. काठी समोरच्याच्या अंगावर जाते ती पुऱ्या जोरानं, आणि त्यानं ती आपल्या काठीवर झेलायची. समोर नवखा असेल, म्हातारा असेल, आजारी असेल, तर मारणारा जोर कमी करतो. त्याला हात राखणं म्हणतात. वस्ताद सांगायचे, कच्च्यावर हात राखावा, बरोबरीच्यावर राखायचा नाही. बरोबरीच्यावर राखला म्हणजे त्याला न सांगता खालच्या पायरीवर बसवला. हे वाक्य मी इतकं मनाला लावून घेतलं की पुढं त्यानंच घात केला.

नोकरी लागली, लग्न झालं, काठी माळ्यावर गेली. तो पालीला शेतीत, मी भोरला फायलींत. पन्नाशी आली तेव्हा कचेरीचा जिना चढल्यावर सही करायच्या आधी मला दोन मिनिटं बसावं लागत होतं. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं. त्याच सुमारास कामानिमित्त पालीला गेलो. हा भातखाचरात उभा होता. माझं पोट बघून इतका हसला की बांधावर बसला. म्हणाला, पुढच्या रविवारी ये, दोन काठ्या काढून ठेवतो.

तिथून आमचं सुरू झालं. रोज पहाटे भोरला नदीकाठच्या मैदानात मी एकटा बैठका, जोर आणि दोरीवरच्या उड्या मारायचो. रविवारी मोटरसायकलवर कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत पाली गाठायची, आधी दोघांनी गडाच्या पाली दरवाज्यापर्यंत चढून यायचं आणि मग रिकाम्या खाचरात काठी. पहिले तीन महिने घरभर बामाचा वास होता. बायको म्हणाली, या वयात लोक नातवंडं खेळवतात, तुम्ही काठ्या खेळवा. मी तिचं ऐकलं नाही, ते बरंच केलं. वर्षाभरात पोट गेलं, साखर उतरली, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागलो. कचेरीत चहाच्या वेळी मी हे सगळ्यांना सांगायचो. लोक कंटाळले तरी सांगायचो.

बावन्नाव्या वर्षी माझा उजवा खांदा धरला. पाठ खाजवायलाही हात मागे जाईना. मी त्याला बोललो नाही, खेळत राहिलो. खांदा मोकळा झाल्यावर एकदा जेवताना त्यानं सहज सांगून टाकलं की मधले सगळे रविवार तो हात राखून मारत होता. मी वहिनींनी वाढलेल्या ताटावरून उठलो. त्याच्या बायकोसमोर, भरल्या ताटावरून. वहिनी वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्याला अंगणात नेलं, मातीला हात लावायला लावला आणि पुन्हा कधी हात राखणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्यानं हसत हसत घेतली. तो हसला याचाही मला राग आला होता.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही जसे खेळलो तसे विशीतही खेळलो नव्हतो. पालीच्या यात्रेत चैत्रात आमची जोडी उतरवायची असं गावानं ठरवलं. चौपन्न वर्षांचे दोघं. मला त्याचा केवढा अभिमान होता ते लिहायला आता लाज वाटते.

यात्रेच्या आधी माघातली गोष्ट. रविवार असल्यानं गडावर जाणारी पुण्याची पोरं-पोरी खाचराच्या बांधावर थांबली होती आणि मोबाईलवर आमचं चित्रण करत होती. त्याचा डोक्यावरचा वार माझ्या खांद्याच्या उंचीला येत होता. बगलेचा वार येता येता मरत होता. मी दोनदा मुद्दाम काठी खाली घेतली, डोकं उघडं ठेवलं. तरी वार खालीच. मी थांबलो आणि विचारलं, "हात राखतोयस?"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "व्हय. राखतोय."

माझ्या डोक्यात जे गेलं ते गेलं. मी पवित्राही न घेता पुऱ्या ताकदीनं काठी हाणली. त्यानं आडवी धरली, पण तो झेल नव्हताच. माझी काठी त्याच्या दंडावर बसली आणि त्याची काठी हातातून सुटून धुळीत पडली. त्या पोरांसमोर मी त्याला म्हणालो, "दया करायची असेल तर गोठ्यातल्या बैलावर कर." त्यानं वाकून डाव्या हातानं काठी उचलली. मी मोटरसायकल सुरू केली आणि निघालो. त्यानं डाव्या हातानं का उचलली, हा प्रश्न मला नसरापूरलाही पडला नाही, कापूरहोळलाही पडला नाही.

पडायला हवा होता. दिवाळीपासून तो चहाचा पेला दोन्ही हातांत धरत होता, मी म्हटलं थंडी. गड चढताना नेहमी पुढं असणारा हा मला पुढं जाऊ देत होता, मी म्हटलं माझा दम वाढला. एकदा त्याच्या सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती, त्यावर मी थट्टाही केली. सगळं डोळ्यांना दिसलं होतं. कचेरीत दुसऱ्याच्या अर्जातली खाडाखोड मला लांबून दिसते.

त्यानंतर मी पालीला गेलो नाही. वाट बघत होतो, तो येईल आणि चुकलं म्हणेल. शपथ त्यानं मोडली होती ना. चैत्रात यात्रा झाली, त्यात जोडी उतरली नाही असं कळलं. मला वाटलं, बरी खोड मोडली. बायकोनं दोनदा सांगितलं, फोन करा, एवढ्या वर्षांची मैत्री. मी तिच्यावरही डाफरलो. आणि या सगळ्या रागात मी मेहनत काय केली! बैठका वाढवल्या, उपास धरले, पावसात मैदानात पाणी साचलं तेव्हा घराच्या गच्चीवर दोरी मारली. त्या आठ महिन्यांत माझी तब्येत आयुष्यात नव्हती इतकी छान झाली. डॉक्टरांनी पाठ थोपटली.

दसरा झाल्यावर वहिनी भोरच्या एसटी स्टँडवर दिसल्या. हातात औषधांची पिशवी होती. मी रागानं तोंड फिरवणार होतो, खरं सांगतो, पण त्यांनीच हाक मारली. बाकावर बसून त्यांनी सांगितलं. त्याच्या मानेत नस दबली होती. हात हळूहळू जात होता, आता पायही ओढतोय. पुण्यात श्रावणात ऑपरेशन झालं. वाढायचं थांबलं, पण गेलेलं परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आणलं असतं तर हात वाचला असता. मी विचारलं, का नाही नेलंत आधी.

वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "भावजी, राग मानू नगा. हात आदीच जड हुता, मी दवाखाना म्हनत हुते. पर माघापासनं त्ये म्हनायचे, तुमच्या काठीचा मुका मार हाय, हुईल बरा. आमी बी त्योच मार धरून बसलो. लई दिस हळद अन् तेल चोळलं."

त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. त्यांची एसटी लागली, मी पिशवी वर चढवून दिली आणि कचेरीत न जाता नदीवर जाऊन बसलो. माझ्या एका फटक्याआड त्यानं आपलं दुखणं लपवलं, आणि मी तो फटका मारला होता म्हणून ते लपलं. मी मारलं नसतं तर वहिनींनी त्याला कधीच ओढत दवाखान्यात नेलं असतं. किंवा चैत्रात मी नुसता फोन केला असता. दोन्हींपैकी एक तरी करायचं होतं मी.

पुढच्या रविवारी पालीला गेलो. भात कापणीला आलं होतं. तो ओसरीवर बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मला बघून म्हणाला, वाळलास लेका. मी रडलो. चौपन्न वर्षांचा माणूस त्याच्या ओसरीवर हमसून रडला आणि तो डाव्या हातानं माझ्या पाठीवर थापा मारत राहिला. मी माफी मागितली. मग विचारलं, त्या दिवशी खोटं का बोललास, व्हय का म्हणालास.

तो गडाकडे बघत म्हणाला, "गावात समद्यांना दिसत हुतं माजा हात पडतोय त्ये. पोरगंसुदिक पानी भरायला माज्या आदी पळायचं. तू एकलाच म्हनलास, म्या हात राखतोय म्हून. लई ब्येस वाटलं गड्या. त्ये मोडायचं जिवावर आलं."

वस्तादांनी आम्हाला समोरच्याचं मनगट बघायला शिकवलं होतं. मी त्या दिवशी फक्त माझा अपमान बघितला. हे मी त्याला म्हणालो, तर तो म्हणाला, गप बस, कचेरीतल्यासारखं बोलू नकोस.

वहिनींनी जेवायला वाढलं. मी ताटातला शेवटचा घास संपेपर्यंत उठलो नाही. जेवून झाल्यावर तो भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, चल, खाचरं मोकळी नाहीत, अंगणात खेळू. मी नको म्हटलं. तो ऐकेना. आतून दोन्ही काठ्या मागवल्या, एक माझ्याकडे दिली. दुसरी त्यानं डाव्या हातात घेतली, उजवा पाय ओढत मागे नेला आणि पवित्र्यात उभा राहिला. वहिनी दारात येऊन थांबल्या. तो म्हणाला, "मार."

मी काठी उचलली. चाळीस वर्षांपूर्वी ज्याच्यासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तो माणूस समोर होता, आणि किती जोर लावायचा हे मला कळेना.