विझलेला अखंड दिवा

त्या नवरात्रात माझ्यात भक्ती कमी आणि भीतीच जास्त होती. स्तनात गाठ हाताला लागली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक सुईने आतल्या पेशी काढू, काचेवर घेऊन तपासू. काही बिघडायला लागलं असेल तर वेळेवर कळेल. मला कळायलाच नको होतं. माझी आई याच दुखण्याने गेली, शेवटपर्यंत पदराखाली लपवत. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, त्याचा मला केवढा ताठा! पण तपासणीचा दिवस आला आणि मी घटाजवळच्या अखंड दिव्याचं निमित्त पुढे केलं. घरात कोणी नसताना तो विझला तर?

ह्यांनी प्लांटातून सुट्टी टाकली होती. गाडी काढत म्हणाले, “बी.ए. फर्स्ट क्लास झाली अन् सुईले भेते! दिव्याले कायले मधात आनून राहिली?”

“तुमाले हासू येते. विझला तं?” म्हणताना मला रडूच फुटलं.

कुंपणाशी जास्वंद तोडणारी बाई ऐकत होती. दर नवरात्रात फुलांना यायची; नाव मी कधी विचारलं नव्हतं. परडी ठेवून ती सरळ घटासमोर येऊन बसली. “जा न बहिनी. दीया ला मैं देखत रइहंव.” दिव्याकडे ती बघत बसणार होती.

सुई टोचली तेव्हा मी देवीकडे काही मागितलं नाही. मागायचं बळच उरलं नव्हतं. घरी आले तर दिवा तेवत होता. पण ती बाई सहज बोलून गेली, “बुझा गे रिहिस. फेर बार देंव.” म्हणजे मधे तो विझला होता, तिने पुन्हा लावला होता. मला रडू कोसळलं. वात सारत ती म्हणाली, “काबर रोथस? दाई घलो जानथे, हवा आथे.” वारा येतो, हे देवीलाही ठाऊक असतं म्हणे.

रिपोर्ट आला. कर्करोग नाही, पण काही पेशी बदलू लागल्या आहेत. मोठ्या सुईने पुन्हा तुकडा काढून तपासला, तरी तेच निघालं. पुढे धोका आहे, दर सहा महिन्यांनी दाखवायचं. म्हणजे सुटका नाहीच. अजूनही आंघोळ करताना हात त्या जागी जातो आणि चाचपत राहतो. देवीने माझं दुखणं नेलं, असं मी म्हणणार नाही. पण माझ्या आईच्या दारात अशी कोणी येऊन बसली नव्हती; माझ्या दारात बसली. तेवढ्यासाठी रोज हात जोडते.

आता नवरात्रात तपासणी आली की दिव्याजवळ काडीपेटी ठेवते, दाराला कडी लावते, आणि घर देवीवर सोडून निघते.