हळदीची नवरी आणि गारठलेला बॉयलर

डॉक्टर देशमुखांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर विंटर जॅकेट होतं, डोक्यावर कानटोपी होती आणि दोन्ही गाल हळदीने पिवळे होते. मागे हॉलमध्ये पंधरा-वीस बायका शाली, कोट, ब्लँकेटं गुंडाळून बसल्या होत्या. सगळ्या पिवळ्या. मधोमध पाटावर डॉक्टरांची मुलगी मुक्ता. हळद पार केसांपर्यंत. आंघोळीला गरम पाणी नाही आणि लग्न चार तासांवर.

कॅनडातल्या हॅलिफॅक्समधला २००९चा हिवाळा. नवरदेव नेव्हीत होता, त्याला रजा जानेवारीतच मिळाली. मी तेव्हा ऑइल बर्नर टेक्निशियन होतो. त्याआधी नागपूरजवळच्या वीजकेंद्रात सहा मजली बॉयलर सांभाळले होते. इथले बॉयलर फ्रिजएवढे. बेसमेंटमध्ये तेल जाळतात, त्यावर घरही तापतं आणि नळाचं पाणीही. तो बसला की दोन्ही बंद.

बर्नरवर लाल रिसेट बटण असतं. ज्योत लागली नाही की बर्नर काही सेकंदांत स्वतःला बंद करतो. बटण दाबलं की परत प्रयत्न करतो. किती वेळा दाबलंत, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, एकदाच. मी नुसतं त्यांच्याकडे बघत राहिलो. पेशंटकडून खरं काढून घ्यायची हीच रीत त्यांनी जन्मभर वापरली असणार.

"अकरा वेळा," ते हळूच म्हणाले.

प्रत्येक वेळी न जळलेलं तेल आत साचत जातं आणि मग एकदमच पेट घेतं. झाकण काढून आत उजेड मारला. आत कोरडंठाक. म्हणजे तेल येतच नव्हतं. वाटेत कुठेतरी अडथळा होता, आणि त्यानेच घर वाचवलं होतं.

तेल खेचणाऱ्या पंपाचा स्क्रू सैल केला, थेंब नाही. टाकी मात्र अर्धी भरलेली. ती मागच्या बॅकयार्डमध्ये, उघड्यावर. तिच्या खाली एक फिल्टर असतो, मुठीएवढा लोखंडी डबा. हात लावला तर दगड. तेलात पाणी गेलं की ते जड म्हणून तळाशी बसतं. ते फिल्टरमध्ये उतरून गोठलं होतं.

माझी गरम हवेची हीट गन मी सहकाऱ्याला दिली होती, आणि तेलाजवळ ज्योत चालत नाही. बॉस रॉनला फोन केला. तो वैतागला होता. अजून नऊ कॉल आहेत, त्यांना एक इलेक्ट्रिक हीटर दे आणि निघ, म्हणाला. मी म्हटलं, नवरी पिवळी झालीय. त्याने विचारलं,

"येलो? इज शी सिक?"

"नो. गेटिंग मॅरीड."

"टेक युवर टाइम," रॉन म्हणाला.

मग मी हॉलमध्ये जाऊन हेअर ड्रायर मागितला. पुण्याहून आलेली मावशी धावत आपला घेऊन आली. तो भारतातला, इथल्या कमी दाबाच्या विजेवर नुसती फुंकर मारत होता. शेवटी मुक्ताचा घेतला, एक्स्टेन्शन कॉर्ड लावली. पण माझा एक हात पान्यावर, दुसरा बादलीवर. ड्रायर धरणार कोण?

"आय'ल होल्ड इट," मुक्ता म्हणाली आणि वडिलांचे स्नो बूट चढवू लागली.

मावशी आडवी आली. हळद लागलेली नवरी घराबाहेर पडत नाही.

"मावशी, बॅकयार्ड इज घर. प्रॉपर्टी टॅक्समध्ये येतं ते."

मावशीने विचार केला. मग स्वतःची शाल काढून मुक्ताच्या डोक्याला घट्ट बांधली आणि तिचा हात धरून बर्फात उतरली. ती उतरली म्हणून बाकीच्याही उतरल्या. गुडघाभर बर्फात पिवळ्या बायकांचा घोळका, मधे टाकी, आणि मुक्ता ड्रायर असा धरून की जणू बाळाचं जावळ वाळवतेय. कुणीतरी मंगलाष्टकं सुरू केली. शेजारचे गृहस्थ फावड्याने बर्फ शोव्हल करता करता थांबले ते थांबलेच. मलाही हसू आवरेना, पाना दोनदा निसटला.

दहा मिनिटांनी डब्यातून टक् असा आवाज आला. झाकण सुटलं, बर्फाचा गोळा बादलीत पडला आणि मागोमाग पाणी आलं. ते पूर्ण काढलं, फिल्टर नवा घातला. खाली पंपाच्या स्क्रूतून आधी हवा फुसफुसली, मग लालसर तेलाची धार. रिसेट दाबलं. भुस्स करून ज्योत लागली.

बेसमेंटच्या जिन्यात वरपर्यंत दाटी झाली होती. टाळ्या पडल्या. वीजकेंद्रात पंधरा वर्षांत माझ्या बॉयलरसाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. मावशीने माझ्याही गालांना हळद फासली.

अर्ध्या तासात पाणी तापलं. मुक्ता वेळेवर लग्नाच्या हॉलवर पोचली, असं डॉक्टरांनी संध्याकाळी कळवलं. मी रिपोर्टमध्ये वापरलेल्या साधनांत "हेअर ड्रायर, नवरीचा" असं लिहिलं. रॉनने तो कागद ऑफिसच्या भिंतीवर लावला.

बाहेर तेलाची टाकी असेल तर उन्हाळ्यात ती भरून ठेवा. अर्ध्या टाकीत दमट हवा राहते, तिचं पाणी होतं, ते तळाशी जातं, आणि नेमकं घरात कार्य असेल त्या दिवशी गोठतं.