लेकीचं ‘पुरे’

माझी लेक सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. जेवताना मात्र तिचं ताट हमखास उडायचं. मी ओरडायचे, सासरे तिला खांद्यावर घेऊन फिरवून आणायचे, सांडलेला भात कोंबड्या खायच्या. हिंगोलीच्या डॉक्टरांनी ऑटिझम आहे म्हणून सांगितलं आणि अशा लेकरांना शिकवणाऱ्या पुण्याच्या एका मॅडमशी गाठ घालून दिली. त्या व्हिडिओ कॉलवरून आम्हा घरच्यांनाच शिकवणार होत्या.

घरात रेंज नव्हती. म्हणून शेतातल्या आखाड्यावर, खोपटापुढं हळद वाळत घातली होती तिथं बसलो. सासऱ्यांनी फोन घागरीला टेकवला.

“ताई, मी आहे हे विसरा. रोजच्यासारखं भरवा,” मॅडम म्हणाल्या.

थोड्याच वेळात ताट उडालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र खूश!

“दिसलं का? आधी तिनं ताट सरकवलं, मग तोंड फिरवलं. ती पुरे म्हणत होती. आपण ऐकलं नाही, म्हणून फेकलं. आणि फेकलं की आजोबा फिरायला नेतात!”

सासरे फोनकडं वाकले. “म्हंजी मीच शिकविलं व्हय तिला?”

“आपण सगळ्यांनीच, आजोबा. आता दुसरं शिकवू.”

ठरलं ते असं: तिनं ताट सरकवलं की तिचा तळहात छातीवर ठेवायचा, ‘पुरे’ म्हणायचं आणि लगेच ताट उचलायचं. फेकलं तर रागवायचं नाही, फिरवायचंही नाही. जमलं की तिथल्या तिथं शाबासकी, आणि कशाबद्दल तेही सांगायचं.

सुरुवातीला ताटं जास्तच उडाली. असं होईल हे मॅडमनी आधीच बजावलं होतं, म्हणून धीर धरला. सासऱ्यांना तर शाबासकीचं वेडच लागलं. “सूनबाई, साखर बराबर घातलीस, शाब्बास!” दूध दिलं म्हणून म्हशीलासुद्धा. नवरा हसून हसून लोळायचा.

मग दिराचं लग्न आलं. पंगतीत वाढपी भात घेऊन आला. लेकीनं त्याच्याकडं बघितलं आणि आपणहून तळहात छातीवर ठेवला. त्याला काय कळणार? तो वाढायला वाकला.

“थांब!” सासरे ताटावरून उठूनच ओरडले. “लेकरू पुरे म्हणून राहिलं, दिसत न्हाई का?”

अख्खी पंगत थबकली. वाढप्यानं हात जोडले. “बरं माय, न्हाई वाढत.”

लेक खुदकन हसली आणि माझ्या मांडीवर रेलली. कितीतरी वर्षांनी मी पंगतीत शेवटपर्यंत बसून जेवले. जिलेबी तर मागून घेतली.