स्पंजातला मळ

मिल बंद झाल्यावर बाबांना एका नव्या हॉटेलात काम मिळालं. लॉबीतलं खाऱ्या पाण्याचं ॲक्वेरियम सांभाळायचं. इंदुरात समुद्र, तोही एसीत! ते नारिंगी मासे पाहून मी पापणी लववायची विसरले होते.

मिलमध्ये पाळी सुटताना यंत्रावर बसलेला कापूस पुसूनच निघायचं, ही बाबांची जुनी सवय. त्याच शिस्तीत ते फिल्टरचा स्पंज रोज नळाखाली पिळून पांढराशुभ्र करायचे. तरी पाणी गढूळच होत गेलं, मासे वर येऊन धापा टाकू लागले. बाबा चिडून आणखी घासायचे.

शेवटी मासे पुरवणाऱ्या मुंबईच्या दुकानदाराने त्यांना फोनवरच झापलं. म्हणे, त्या मळात न दिसणारे जीव राहतात, पाणी तेच साफ ठेवतात आणि नळाच्या पाण्याने मरतात. स्पंज धुवायचाच तर टाकीतल्याच पाण्यात, अगदी हलका.

काही आठवड्यांनी मी हॉटेलात गेले तेव्हा पाणी आरशासारखं होतं. बादलीत टाकीचंच पाणी घेऊन बाबा बसले होते, तो तपकिरी स्पंज ओंजळीत धरून.

"अगं, यात लाखो जण ड्यूटीवर आहेत," ते हळूच म्हणाले, "आणि मी रोज सगळ्यांची छुट्टी करत होतो."