काळेवाडी ते निघोजे: एका गळ्याच्या धास्तीत

बुधवारी सकाळी साताऱ्याहून निघालो तेव्हा गाडीत तिघं होतो. वंदनाताई गातात, त्यांचे यजमान माधवराव तबला वाजवतात, आणि मी पेटी व निवेदन सांभाळतो. निवेदनात संस्कृत सुभाषितं असतात. ती सुरू झाली की लोक चहाला उठतात, म्हणजे मध्यंतर वेगळं जाहीर करावं लागत नाही.

या वेळी मात्र माझं सगळं लक्ष ताईंच्या गळ्याकडे होतं. ताईंच्या घशाच्या शस्त्रक्रियेनंतरचा हा पहिला दौरा. डॉक्टरांनी बजावलं होतं: गा, पण खालच्या पट्टीत, जुन्या उंचीवर ताणलंत तर आवाज गेलाच म्हणून समजा. खंबाटकी घाटानंतर त्या खोकल्या. मी वळून पाहिलं.

"मास्तर, खोकला मोजताय की काय?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

काळेवाडीत दुपारी मिसळ खाल्ली. ऐंशी रुपयांत पोट भरतं. गाणाऱ्यांनी तर्रीपासून लांब राहावं. संध्याकाळी सोसायटीच्या पत्र्याच्या मांडवात लातूर-बीडकडून कामाला आलेली मंडळी पोराबाळांसह जमली. माधवरावांनी पिशवी सोडली, तबल्यावर थाप मारली आणि मी पेटीवरचा हात उचलला. तबला जुन्या, उंच पट्टीतला होता. खालच्या पट्टीचा नवा तबला साताऱ्यातच राहिला होता.

पेटीची पट्टी बदलता येते. तबला एवढा उतरवला की पापडासारखा वाजतो. म्हणजे गळ्यानंच तबल्याच्या मागं जायचं.

"सवयीनं उचलला गेला," माधवराव म्हणाले.

ताईंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "दोनच अभंग म्हणते."

दुसऱ्या अभंगात वरच्या स्वरावर आवाज चिरला. त्या हसून पाणी प्यायल्या. उरलेला वेळ मी सुभाषितांनी भरून काढला. पहिल्या रांगेतल्या काकांनी मोबाइलवर क्रिकेट लावलं, त्यांना दोष नाही.

गुरुवारी तिथल्या एमआयडीसीतल्या कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी, म्हणून निघोज्यातला कार्यक्रम दुपारी चारला होता. सकाळी दुसरा तबला मिळतो का बघायला रहाटणीतल्या गायनाच्या क्लासवर गेलो, तर दाराला कुलूप. मग तळवड्याच्या बाजूनं निघालो. तुम्ही जाणार असाल तर तासभर जास्तीचा धरा. सुट्टीचा वार कामगारांना असतो, कंटेनरना नसतो. शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण, असं आम्हाला पाठशाळेत शिकवलं होतं. तळवड्याच्या चौकात धुरामुळे आकाश दिसेना, शब्द मात्र चहूबाजूंनी हॉर्न देत होता. ताई नाकातोंडाला पदर लावून बसल्या होत्या. सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या.

निघोज्याच्या देवळात भजनी मंडळाचे तात्या पुढं आले. ताई पहिल्यांदाच बोलल्या, आवाज घोगरा. "अहो, तबला गाडीतच राहू द्या. तुम्ही टाळ घ्या."

माधवरावांचा चेहरा उतरला. "तबल्याशिवाय कसं होईल?"

"गळ्याशिवाय कसं होईल?"

तात्यांनी टाळ पुढं केले. "घ्या की राव. आमी हाय ना संगट."

मी पेटीवर खालची पट्टी धरली. आवाज आला, पूर्वीसारखा लखलखीत नाही, पण जाड, सावलीसारखा. कुठंही चिरला नाही. माधवराव टाळ वाजवत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हातांकडे बघावं लागत होतं. पुढं बसलेली म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बाई दमानं गातीय, बरं वाटतं कानाला."

परतताना घाट उतरून वेळे गावात चहा घेतला. ताई आत हात धुवायला गेल्या तसे माधवराव म्हणाले, "मास्तर, विसरलो नव्हतो मी. वाटलं होतं, तबला समोर आला की तिचा जुना सूर आपोआप लागेल."

मी त्यांचा चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

धूळ शर्टावरून दुसऱ्या धुण्यात गेली. ताईंचा तो खालचा सूर मात्र अजून कानात आहे; जुना आठवायला आता प्रयत्न करावा लागतो.

त्या रात्री साताऱ्यात सामान उतरवताना डिकीतून जोडीतला नुसता डग्गा निघाला.

"तबला?" ताईंनी विचारलं.

"देवळात ठेवला," माधवराव म्हणाले. "तात्या म्हणाले, त्यांच्या मंडळातल्या बायकांचा सूर पार कळसाला जातो."

डग्गा ताईंनी स्वतः उचलला, घरात नेला आणि नव्या तबल्याशेजारी ठेवला.