वॉल्टरचं हरीण आणि माझा तांबडा रस्सा

मी आयुष्यात एकदाच हरीण शिजवलं, आणि ते शिजलं नाही.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, बॉथेलला एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मी, बायको सुमेधा आणि पाच वर्षांची रेवा. शेजारी वॉल्टर राहायचे. सत्तरी ओलांडलेले, धिप्पाड, दर वर्षी न चुकता शिकारीला जाणारे. त्या उन्हाळ्यात त्यांची बायको हेलन वारली होती. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ते आमच्या दारात उभे राहिले. हातात पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, विटेसारखं गोठलेलं एक पुडकं.

"हरीण आहे," ते म्हणाले. "हेलन दर वर्षी याचं स्ट्यू करायची. मला एकट्याला काही करावंसं वाटत नाही. तुम्ही खाता का?"

इथे शहाण्या माणसाने 'थँक यू' म्हणून दार लावलं असतं. पण मी पडलो कोल्हापूरचा!

"वॉल्टर, उद्या दुपारी जेवायलाच या. असा तांबडा रस्सा खायला घालतो, की बस्स!"

ते गेले. सुमेधा माझ्याकडे बघत राहिली. ती पुण्याची आणि जन्माची शाकाहारी.

"तू कधी मटण केलंयस?"

"बघितलंय. आईला करताना." (खरं तर आई करत असायची तेव्हा मी बाहेर क्रिकेट खेळत असायचो. पण वास यायचा ना!)

"कॅन्सल कर. सांग बरं नाही म्हणून."

"सुमेधा, तो माणूस उन्हाळ्यापासून डब्यातलं सूप गरम करून खातोय. एकटा. कॅन्सल होणार नाही."

"माझ्या कढईला हात लावायचा नाही," ती एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी उठल्या उठल्या कॉलिंग कार्डवरून आईला फोन लावला.

"आई, हरणाचं मटण कसं करतात गं?"

पलीकडे आईचा आवाज एकदम खाली आला. "कशाचं?"

"हरणाचं!"

"हळू बोल की! आत टाकत्यात त्यासाठी. नोकरी गेली काय रे तुझी? खायला काय न्हाई होय घरात?"

"अगं, इथे लायसन्स घेऊन मारतात."

"तू मारलंस?"

"शेजाऱ्यांनी!"

"असल्या शेजाऱ्याच्या नादाला लागू नगंस. आणि ह्यांना यातलं काय सांगू नगंस, बीपी हाय त्यांना," असं म्हणून तिने फोन ठेवून दिला. रेसिपी नाहीच!

हरकत नाही. मी तुकडे केले, हळद-मीठ लावलं आणि कुकर चढवला. चार शिट्ट्या. उघडून काटा टोचला, तर काटा घसरला. पुन्हा झाकण. आठ शिट्ट्या. एक तुकडा चावून बघितला. तुकड्याला काही झालं नाही, माझी दाढ मात्र दुखायला लागली. मी पुन्हा कुकर लावला. रेवा ओट्याशी उभी राहून शिट्ट्या मोजत होती.

"बाबा, दॅट्स फिफ्टीन! इज इट सँटाज रेनडिअर?"

"नाही गं बाळा."

"आर यू शुअर?"

मांस ऐकत नाही म्हटल्यावर मी ठरवलं, निदान रस्सा तरी असा करायचा, की कुणाचं मांसाकडे लक्षच जाऊ नये! मोठ्या पातेल्यात तेल तापवलं, चांगलं धूर येईपर्यंत. आणि आईने पाठवलेली कांदा-लसूण चटणी त्यात घातली. एक चमचा. मग दुसरा. मग, कोल्हापूरचं नाव राखायचं म्हणून, तिसरा.

सुमेधा शिंकली. रेवा खोकली. मला तर गॅसच दिसेना! डोक्यावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला आणि त्याचं ऐकून सगळ्या बिल्डिंगचा!

दहा मिनिटांत सगळे पार्किंगमध्ये, भर पावसात. कुणी बाथरोबमध्ये, कुणी मांजर घेऊन. त्यात वॉल्टर, कोट-टाय घालून, हातात वाइनची बाटली.

"जेवण तयार झालेलं दिसतंय," ते शांतपणे म्हणाले.

तेवढ्यात आगीचा बंब आला. एक आडदांड जवान आमच्या घरात शिरला आणि तितक्याच वेगाने खोकत बाहेर आला.

"सर, आत कुठलं केमिकल आहे?"

"कांदा-लसूण चटणी."

त्याने वहीत लिहून घ्यायला पेन काढलं आणि स्पेलिंग विचारलं!

बंबवाले गेल्यावर सुमेधा म्हणाली, "पिझ्झा मागवते."

"अजिबात नाही!" मी पुन्हा गॅस पेटवला. वाटण परतलं, मांस टाकलं, आणखी एक तास उकळलं. तीन वाजता सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, अंगात जॅकेटं चढवून आम्ही जेवायला बसलो. सुमेधा आणि रेवा वरण-भातावर होत्या. वॉल्टरनी रश्श्याचा वाडगा पुढे ओढला, एक तुकडा तोंडात टाकला आणि चावायला लागले. चावत राहिले. मी श्वास रोखून बघत होतो. हळूहळू त्यांचे डोळे भरून आले.

"तिखट झालं का?" मी घाबरत विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "हेलनची आठवण आली. अगदी तिच्यासारखं झालंय."

मी विजयी मुद्रेने सुमेधाकडे बघितलं. वॉल्टरनी डोळे पुसले, पाण्याचा घोट घेतला आणि आणखी रश्श्यासाठी वाडगा माझ्यापुढे केला.

"चाळीस वर्षं करत होती बिचारी," ते प्रेमाने म्हणाले. "पण तिलाही ते एकदासुद्धा शिजवता आलं नाही!"