मीठ आधी, बियर मागून

इस्तापालापाच्या रविवारच्या बाजारात मिचेलादा, म्हणजे तिखट-लिंबू घातलेली बियर, प्यावी तर एलोदियाबाईंच्याच हातची. पण समोर फाउस्तिनो नावाच्या पोराने कर्णा लावून मिचेलादाचीच टपरी थाटली आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं.

"मावशी, आता घरी बसा," वर त्याने हेही ऐकवलं.

बाई पेटल्या, पण हात शांत होता. पेल्याच्या काठाला तिखट, तळाशी लिंबात विरघळवलेलं मीठ नि टोमॅटोचा रस, मग चमच्याच्या पाठीवरून हळूच बियर. खाली लाल, वर पिवळी.

फाउस्तिनोने घाईत भरल्या बियरवरच चिमूटभर मीठ टाकलं. फेस उसळून गिऱ्हाइकांच्या ठेवणीतल्या कपड्यांवर गेला. गर्दी हसत बाईंकडे परतली. मागोमाग तोही फडकं मागायला आला.

"देते की. आधी तो कर्णा बंद कर, मग मिठाचंही सांगते."